चाक फिरतं, गाडी हलत नाही

वजनाबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. डॉक्टर 'कमी करा' म्हणतात. शिंपी कंबरेला टेप लावताना उगीचच खोकतो. विमानतळावरची मुलगी आपली बॅग काट्यावर चढेपर्यंत गोड हसत असते, नंतर हसत नाही. रिक्षावाला मी बसायच्या आधी एकदा मागच्या टायरकडे बघून घेतो आणि मी बसल्यावर पुन्हा एकदा बघतो. संतमंडळी शरीराच्या वजनाबद्दल काही बोलत नाहीत, पण मन हलकं करा म्हणतातच. अशा या हलकेपणाच्या जगात, जडपणा हाच ज्याचा मोठा सद्गुण आहे असं एक यंत्र मी पाहिलं आणि पाहताक्षणी मला त्याच्याबद्दल भाऊबंदकी वाटली. (चांगल्या अर्थानं.)

या यंत्राचं नाव इलेक-ट्रॅक. बागेतला, विजेवर चालणारा ट्रॅक्टर. आपल्याकडे बाग म्हणजे चार कुंड्या आणि एक तुळस, तिला ट्रॅक्टर कशाला, असं कुणी विचारील. पण अमेरिकेत घराभोवती एवढं गवत असतं की आपल्याकडे तेवढ्यावर दोन म्हशी सुखानं संसार करतील. ते कापायला बसून चालवायचं छोटं यंत्र लागतं. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापायची पाती लावायची आणि हिवाळ्यात तोंडापुढे लोखंडी पातं बांधून दारातला बर्फ बाजूला लोटायचा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी हा विजेचा ट्रॅक्टर बनवला आणि १९६९ साली बाजारात आणला. मोठ्या मॉडेलात सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट. असली एक बॅटरी सत्तावीस-अठ्ठावीस किलोची. म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच दीडशे किलोच्या वर. दोन सुखवस्तू व्याही शेजारी शेजारी बसवल्यासारखं. धूर नाही, धडधड नाही. वर याच बॅटऱ्यांवर झाडं कापायची करवत चालायची, कुंपणाची कात्री चालायची, वेल्डिंगसुद्धा व्हायचं.

आता यात इतिहास कुठे आला? तर तो मागच्या दोन चाकांखाली आला. बर्फ लोटायला गेलं की बागेतला कुठलाही ट्रॅक्टर एकच नाटक करतो. पुढे बर्फाचा ढीग जमतो, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, आणि वर बसलेला माणूस जिथे होता तिथेच असतो. पेट्रोलच्या ट्रॅक्टरवाल्याला याचं फार काही वाटत नाही. तो आणखी धूर सोडतो, आणखी दोन शिव्या देतो आणि टाकीत आणखी चार लिटर ओततो. विजेच्या ट्रॅक्टरचं तसं नाही. एक तर विजेच्या मोटरचा जोर उभ्या जागेवरूनच सगळ्यात जास्त. पाय दाबला की ती पैलवानासारखी उठते आणि बर्फावरचं चाक सुटतं ते सुटतंच. दुसरं म्हणजे बॅटरीत जेवढी वीज सकाळी भरलेली असते तेवढीच दिवसभराची पुंजी. चाकाचा प्रत्येक फुकट फेरा त्या पुंजीतून जातो. शंभर फुटांचा रस्ता मोकळा करायला घेतलेली वीज साठ फुटांवर संपली, तर उरलेले चाळीस फूट फावड्यानं. तेव्हा चाकाची पकड हा विजेच्या ट्रॅक्टरवाल्याचा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

हा प्रश्न जुना आहे. आमाँताँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थानं १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत सांगितलं की घर्षण हे वजनाच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट तर पकड दुप्पट. पृष्ठभाग किती मोठा टेकलाय याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नाही. रबर आणि बर्फ ही दोघंही जरा लहरी मंडळी असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा नियम काटेकोर चालत नाही, पण घरगुती हिशोबाला पुरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी चाक आपल्यावरच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के जोर लावू शकतं. दाबून बसलेल्या बर्फावर वीस टक्के. आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर दहा टक्के किंवा त्याहूनही कमी. म्हणजे मागच्या चाकांवर अडीचशे किलो वजन असेल तर दाबलेल्या बर्फावर पुढे लोटायला जोर मिळणार फक्त पन्नास किलोचा. आणि ओला, बसका बर्फ घनमीटरला तीनशे किलोच्या वरही जातो. पन्नास किलोचा पैलवान आणि तीनशे किलोचा दगड. कुस्ती कशी होणार ते सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगगाडीवाल्या इंग्रजांना याच प्रश्नानं झोप येत नव्हती. लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर लोखंडाचं गुळगुळीत चाक. ते पकडणार कसं? १८०४ साली वेल्समध्ये ट्रेव्हिथिकनं गुळगुळीत चाकांचं इंजिन चालवून दाखवलं होतं, पण त्याच्या वजनानं खालच्या ओतीव लोखंडाच्या पट्ट्याच मोडायला लागल्या. आली का पंचाईत! पकड हवी तर वजन हवं, आणि वजन आलं तर रस्ता मोडतो. मग लीड्सच्या ब्लेंकिन्सॉपनं इंजिन हलकं ठेवलं आणि रुळाच्या कडेला दाते काढून त्यात दातेरी चाक अडकवलं. १८१२ सालापासून ते कोळशाच्या खाणीवर चांगलं चाललं. ब्रंटन नावाचा दुसरा एक इंजिनियर त्याच्याही पुढे गेला. त्यानं १८१३ साली इंजिनाला मागे चक्क दोन पाय बसवले! घोड्यासारखे जमिनीला टेकवत गाडीला ढकलणारे लोखंडी पाय. कल्पना म्हणून मला ती फार आवडते, पण १८१५ साली त्याचा बॉयलर फुटला आणि बघायला जमलेली बरीच माणसं दगावली. तिथे त्या पायांचा प्रवास संपला.

खरं उत्तर काढलं ते वायलमच्या खाणीवरच्या विल्यम हेडलीनं. त्याची पद्धत मला एकदम पटली, कारण त्यात अक्कल जास्त आणि खर्च कमी. त्यानं एक गाडा केला, चाकांना हातानं फिरवायचे दांडे जोडले, ते फिरवायला गाड्यावर माणसं उभी केली आणि गाड्यात कमीजास्त वजन टाकून पाहिलं, की चाक घसरायच्या आधी मागच्या किती वाघिणी ओढल्या जातात. पुरेसं वजन असलं तर गुळगुळीत चाकही पकडतं, हे त्यानं १८१२-१३ च्या सुमाराला सिद्ध केलं आणि मग 'पफिंग बिली' हे इंजिन बांधलं. ते आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभं आहे. आगगाडीचा इतिहास सांगताना लोक वाफेच्या गोष्टी सांगतात; त्या गाड्यावर घाम गाळत दांडे फिरवणाऱ्या मजुरांची कुणी आठवण काढत नाही.

आपल्याकडे हे सगळं पाहायचं असेल तर कर्जत स्टेशनवर पाच मिनिटं उभं राहावं. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. तिथे गाडीच्या मागे जादा इंजिनं लागायची ती ताकदीसाठी, तशीच पकडीसाठीही. ओढायचा भार जास्त चाकांवर वाटला जातो. आणि पावसाळ्यात रूळ ओले झाले की ड्रायव्हर चाकापुढे नळीतून वाळू सोडतो. इतकं मोठं इंजिन, हजारो अश्वशक्ती, आणि शेवटी अडतं कुठे, तर मूठभर वाळूशी.

आता हे रेल्वेचं पुराण लावायचं कारण असं, की ज्या स्केनेक्टडीत तो विजेचा बागट्रॅक्टर झाला, ते गाव मुळात इंजिनांचंच. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, जिला सगळे 'आल्को' म्हणत, तिचा कारखाना तिथलाच. जगाला उजेड देणारं आणि जगाला ओढणारं गाव अशी ते स्वतःची ओळख सांगत असे. उजेड जनरल इलेक्ट्रिकचा, ओढणं आल्कोचं. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे प्रसिद्ध डिझेल इंजिन आल्कोच्याच नमुन्याचं; पहिली काही तिकडून आली, मग वाराणसीला बनू लागली. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या ज्यांनी वर्षानुवर्षं ओढल्या, त्या इंजिनांचं माहेर हे. एकशे बारा टन वजन, आत डिझेलवर वीज तयार व्हायची आणि ती धुरांवरच्या मोटरींना जायची. म्हणजे विजेची मोटर आणि भरपूर वजन, हे गणित त्या गावाला पाठ होतं. १९६९ साली आल्कोनं इंजिनं बनवणं बंद केलं आणि त्याच साली गावच्या दुसऱ्या कंपनीनं बागेतला विजेचा ट्रॅक्टर काढला. एकशे बारा टनांवरून गाव चारशे किलोंवर आलं. पेन्शनीत गेलेला हेडमास्तर घरी नातवंडांचे पाढे घेतो, तसं.

या गावाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या तिथल्याच प्रयोगशाळेत नोबेल पारितोषिक मिळालेले लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर ढगांचा अभ्यास करत होते. १३ नोव्हेंबर १९४६ या दिवशी शेफर लहानशा विमानात बसले आणि मॅसॅच्युसेट्सच्या ग्रेलॉक डोंगराजवळच्या ढगात त्यांनी सुक्या बर्फाचा चुरा टाकला. ढगातून खरोखरच बर्फ पडायला लागला! तो जमिनीवर पोचायच्या आत हवेतच विरला, हा भाग वेगळा. पुढे त्या हिवाळ्यात प्रयोगानंतर मोठा बर्फ झाला, तेव्हा कंपनीच्या वकिलांना घाम फुटला. लोकांनी नुकसानभरपाई मागितली तर? म्हणजे १९४६ साली ज्या कंपनीनं आभाळातून बर्फ पाडून दाखवला, तिनंच १९६९ साली तो लोटायचं यंत्र विकायला काढलं. आमच्या पेठेत एक गृहस्थ सायकलच्या दुकानासमोर रात्री खिळे टाकतात असा प्रवाद होता, त्याची आठवण झाली. अर्थात कंपनीचा हेतू शुद्ध होता. त्या गृहस्थांबद्दल तशी खात्री देता येत नाही.

माझा भाचा या स्केनेक्टडीपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. त्याच्याकडे हा इलेक-ट्रॅक आला तो शेजारच्या म्हाताऱ्यांकडून. त्यांनी तो पन्नास वर्षं वापरला, बॅटऱ्या कितीदा तरी बदलल्या, आणि गुडघे गेल्यावर भाच्याला देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत. अट एकच: त्यांच्याही दारातला बर्फ काढायचा. ही अट काही गमतीची नव्हती. त्यांच्या पत्नीला डायलिसिस. आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाला न्यायला गाडी येते. घरापासून रस्त्यापर्यंत शंभर-सव्वाशे फुटांचा चढ. रात्री बर्फ पडला तर नगरपालिकेचा मोठा ट्रक रस्ता साफ करतो खरा, पण जाताना प्रत्येकाच्या फाटकाशी ओल्या बर्फाचा कमरेइतका बांध घालून जातो. सहाच्या आत तो बांध फुटायला हवा. पुण्यात पाहुणा आला की घरातले 'गाडी कुठे लावली?' विचारतात, तिथे सोमवारी रात्री सगळे 'किती इंच सांगितलाय?' विचारत होते.

मी तिथे असताना पहिल्याच मोठ्या बर्फात ट्रॅक्टरनं ते नाटक केलं. टायर गवतासाठीचे, म्हणजे गवताला इजा होऊ नये म्हणून मुद्दाम बिनदाती, गुळगुळीत केलेले. पातं बांधापर्यंत गेलं, टेकलं, आणि मागची चाकं गरगर फिरायला लागली. भाचा खाली उतरला, मागे फिरून आला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या एकंदर आकाराकडे, विचारपूर्वक पाहू लागला.

"मामा, तुमचं वजन किती हो?"

"का रे?"

"मागच्या धुरेच्या मागे उभे राहिलात तर..."

मनातल्या मनात मी हिशोब केला. चौऱ्याऐंशी किलो गुणिले वीस टक्के, म्हणजे जवळजवळ सतरा किलो जोर. शिवाय धुरेच्या मागे उभं राहिलं की तराजूसारखं होतं. पुढचा भारही थोडा उचलून मागच्या चाकांवर येतो. लहानपणी गावाला आजोबा कुळवावर मला बसवायचे आणि बैलांना हाकायचे, कुळव जमिनीत नीट रुतावा म्हणून. साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा तीच नोकरी चालून आली होती. मी कोटाची बटणं लावायला लागलो. तेवढ्यात दारातून भाच्याची बायको कडाडली.

"तू मामांना त्याच्यावर चढवलंस ना, तर मी आत्ताच्या आत्ता आईंना फोन लावीन!"

'आई' म्हणजे माझी थोरली बहीण. भाच्याचे आणि माझे दोघांचेही पाय जागच्या जागी गोठले. आणि सुनेचं बरोबरच होतं म्हणा. चालत्या ट्रॅक्टरवर मागे उभा राहिलेला माणूस घसरला तर थेट चाकाखाली. तेव्हा माझ्या जागी वाळूची सत्तावीस-सत्तावीस किलोची दोन पोती बांधण्यात आली. वजनात ती माझ्यापेक्षा कमी पडत होती, पण ती चहा मागत नाहीत. मात्र फार मागे, फार जड बांधलं की पुढची चाकं जमिनीवरून हलकी होतात आणि सुकाणू फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. पोती धुरेच्या जितकी जवळ, तितकी वागायला सज्जन.

त्या मंगळवारी पोत्यांवर आणि फावड्यावर कसंबसं निभावलं. न्यायला आलेली गाडी दहा मिनिटं रस्त्यावर उभी राहिली. म्हातारे काही बोलले नाहीत. दुपारी ते काठी टेकत आले आणि त्यांच्या गॅरेजमधला एक गंजका डबा दाखवून गेले. आत साखळ्या होत्या.

या साखळ्यांचाही जन्म त्याच राज्यातला. स्केनेक्टडीवरून ईरी कालवा जातो, त्याच कालव्यावर पश्चिमेला कॅनस्टोटा नावाचं गाव आहे. तिथल्या हॅरी वीडनं १९०४ साली टायरवर घालायच्या साखळीचं पेटंट घेतलं. चिखलात रुतलेले मोटारवाले टायरला दोर गुंडाळताना पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. टायरभोवती दोन्ही बाजूंनी साखळी आणि मधून आडव्या साखळ्या, शिडीसारख्या. वजनाला हात न लावता पकड वाढवायचा हा उपाय. साखळी बर्फात दात रोवते. गोठलेल्या बर्फावर तर वाळूची पोती एकीकडे आणि साखळी एकीकडे. आडव्या साखळ्या जवळजवळ असलेल्या घ्याव्यात, नाहीतर दोन साखळ्यांच्या मधलं गुळगुळीत टायर टेकलं की चाक तेवढ्यात सुटतं आणि बसणाऱ्याचे दात वाजतात. सिमेंटच्या फरशीवर ओरखडे उठतात, ते उठू द्यावेत.

वजनासाठी आणखी एक जुनी युक्ती म्हणजे टायरमध्ये हवेऐवजी द्रव भरणं. आपल्याकडचे ट्रॅक्टरवालेही नांगरटीला टायरमध्ये पाणी भरतात. बर्फाच्या मुलखात पाणी गोठेल, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइडचं मीठ विरघळवतात. त्यानं वजनही वाढतं, पण ते लोखंडाच्या रिमला खातं. मोटारीच्या रेडिएटरमधलं गोठणविरोधी द्रव भरावं, तर ते गोडसर आणि विषारी. गळालं तर शेजारचं कुत्रं चाटतं. यावर अलीकडे निघालेला तोडगा ऐकून मी खुर्चीतच सावरून बसलो. बिटाचा रस! साखरेच्या बिटापासून साखर काढल्यावर उरणारं ते द्रव, पाण्याहून पाऊणपट नव्हे पण चांगलं तिसऱ्या हिश्शानं जड, कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, लोखंडाला खात नाही आणि कुत्र्यानं चाटलं तरी हरकत नाही. माझी बहीण भाच्याला लहानपणी बिटाची कोशिंबीर खायला घालताना 'ताकद येते' म्हणायची, ते या मार्गानं खरं झालं. शिवाय हे वजन सरळ चाकातच असल्यामुळे ना धुरेवर ताण, ना सुकाणूची रुसवाफुगवी.

एवढं सगळं करूनही एक शत्रू उरतो, तो ट्रॅक्टरच्या पोटातच असतो. डिफरन्शियल. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ते जमावं म्हणून पेकर नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी ही दातेरी चाकांची योजना काढली. योजना सुंदर आहे, पण तिच्यात एकत्र कुटुंबाचा एक दोष आहे. जे चाक काम करत नाही, नुसतं बर्फावर गरगरतं, सगळं फिरणं त्यालाच मिळतं. आणि जे घट्ट जमिनीवर उभं राहून ओढायला तयार असतं, त्याला उपाशी ठेवलं जातं. शेतावरच्या मोठ्या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. रिकामटेकड्या चाकाचा ब्रेक दाबला की नाइलाजानं कष्टाळू चाकाकडे जोर जातो. बागेतल्या ट्रॅक्टरला ही सोय नसेल तर दोन्ही चाकांखाली सारखीच परिस्थिती ठेवायची, एवढंच हातात. एका चाकाला साखळी घालून दुसऱ्याला 'पुढच्या पगाराला बघू' म्हटलं, तर काही उपयोग नाही.

बाकी कसब चालवणाऱ्याचं. बर्फ बारा इंच साचायची वाट बघायची नाही. चार इंच झाला की एकदा लोटायचा, मग पुन्हा. पातं सरळ न धरता तिरकं धरायचं, म्हणजे बर्फ पुढे न साचता बाजूला वाहतो. चढावर लोटण्यापेक्षा वर जाऊन उताराकडे लोटायचं. आणि पाय अलगद ठेवायचा. चाक घसरायला लागलं की जोर वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. हे भाच्याच्या पायाला समजायला दोन आठवडे लागले, आणि तो इंजिनियर आहे.

विजेच्या ट्रॅक्टरचा शेवटचा वैरी म्हणजे थंडी. शून्याखाली अठरा अंशांवर शिसाची बॅटरी जवळजवळ निम्मीच वीज देते. म्हणजे ज्या थंडीमुळे बर्फ पडला, तीच थंडी तो लोटायची ताकद काढून घेते. आणि बॅटरी पार उतरलेली असेल तर शून्याखाली आठ-दहा अंशांतच आतलं पाणी गोठून ती फुटते. भरलेली असेल तर पन्नास अंशांपर्यंतही तिला काही होत नाही. म्हणून ट्रॅक्टर रात्रभर गॅरेजमध्ये चार्जरला लावून ठेवायचा. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी भाचा एकदा गॅरेजमध्ये जाऊन चार्जरचा काटा बघून यायचा. देवाला दिवा लावल्यासारखं.

साखळ्या चढवल्या, टायरमध्ये बिटाचा रस भरला, पोती जवळ बांधली. पुढच्या गुरुवारी पहाटे साडेपाचला तो मुका ट्रॅक्टर काळोखात बाहेर पडला. आवाज फक्त साखळ्यांचा. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसारखा. बांधापाशी पातं तिरकं टेकलं, चाकं क्षणभर अडखळली, साखळ्यांनी दात रोवले आणि बर्फ हलला. सहा वाजून वीस मिनिटांनी न्यायची गाडी थेट त्यांच्या पायरीपर्यंत गेली. आजीबाई शाल गुंडाळून उभ्याच होत्या. त्यांनी गाडीत बसताना हात हलवला तो भाच्याला नव्हे, ट्रॅक्टरला. पन्नास वर्षांची ओळख होती.

इतकं गुणी यंत्र चाललं का नाही, असं मी म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. १९७३ साली अरबांनी तेल अडवलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा खरं तर या ट्रॅक्टरची चलती व्हायला हवी होती. पण किंमत पेट्रोलच्या भावंडांपेक्षा जास्त आणि लोकांना बॅटऱ्यांची निगा हा प्रकार नवा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जनरल इलेक्ट्रिकनं धंदा आवरून व्हील हॉर्स कंपनीकडे दिला, पुढे न्यू आयडिया नावाच्या कंपनीनंही काही काळ तो चालवून पाहिला, आणि मग तो थांबला. उरले ते असे एकेका गॅरेजमध्ये, एकेका हौशी माणसाच्या जिवावर.

आता पुन्हा विजेचे बागट्रॅक्टर निघाले आहेत, लिथियम बॅटऱ्यांचे. तेवढीच वीज शिसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या वजनात मावते. जाहिरातीत हलकेपणाचं कौतुक असतं. गवतावर ते हरणासारखे पळतात. बर्फ लोटायचा म्हटलं की मालक वाळूची पोती शोधायला लागतात. भाच्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या जुन्या इलेक-ट्रॅकला हौसेनं नव्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या. पहिल्या बर्फानंतर त्यांनी जुन्या बॅटऱ्यांच्या मोकळ्या झालेल्या कप्प्यांत मोजून तेवढ्याच वजनाच्या लोखंडी प्लेटा रचल्या आणि वर झाकण लावून टाकलं.